अडलंय कुठं? – छताला लावायची पांढरी थाळी

या वेळच्या टपालात एकच दुखणं वेगवेगळ्या तोंडांनी आलंय. वायफायच्या डब्यातलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, काढून दुसरं, ओपनडब्ल्यूआरटी नावाचं, टाकायला गेलो आणि अडकलो. मोबाईल दुरुस्तीवाली पोरं याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ म्हणतात. मारता मारता डबाच मेला, असा बहुतेकांचा सूर आहे. खरंच कोण मेलंय ते बघू.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे आकडे मराठीत छापलेत, कारण मासिक मराठी आहे. संगणकात मात्र इंग्रजी आकडेच टाइप करा. मागे एका काकांनी छापलंय तसंच मराठीत टाइप केलं आणि ‘ताई, पान उघडत नाही’ असं कळवलं. चूक माझी होती, मी सांगायला हवं होतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. विट्याजवळ आमच्या गावात मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. चाळीसेक मुलं आहेत, वर पत्रा आहे. मिरजेत जुना माल विकणाऱ्याकडून युनिफाय एसी लाइट ही छताला लावायची पांढरी थाळी बाराशे रुपयांना घेतली. व्हिडिओ बघून तिच्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. शेवटपर्यंत कुठेही एरर आली नाही. थाळी रीबूट झाली, दिवा लागला, पण फोनच्या यादीत वायफायचं नावच येत नाही. व्हिडिओत १९२.१६८.१.१ उघडायला सांगितलंय. ते उघडलं की आमच्या फायबरवाल्याच्या डब्याचं पान येतं. थाळीची पिन काढून लावून तीनदा बघितली. आणि नवलाची गोष्ट म्हणजे थाळी लावल्यापासून अभ्यासिकेतलं सगळ्यांचंच नेट मधेच जातंय, दोन मिनिटांनी आपोआप येतंय. नेटवाला म्हणतो, लाइन ठीक आहे. पूर्वपरीक्षा तोंडावर आलीय, मुलं माझ्यावर चिडलीत. थाळी गेली का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : गेली नाही. थाळी जिवंत आहे आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही तो ‘नवलाची गोष्ट’ म्हणून शेवटी लिहिलात, मी तिथूनच सुरुवात करते.

मेलेली थाळी कुणाचं नेट पाडत नाही. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने बसलं की स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असा धरतं. तुमच्या फायबरवाल्याचा डबाही त्याच पत्त्यावर बसलाय, कारण तो उघडल्यावर त्याचं पान येतं असं तुम्हीच लिहिलंय. आता एखाद्या मुलाचा फोन नेटवर्कवर विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ फायबरचा डबा म्हणतो मी, थाळी म्हणते मी. फोन ज्याचं उत्तर धरेल त्याच्याकडे पुढचं सगळं पाठवतो. फायबरचं उत्तर धरलं तर नेट चालतं. थाळीचं धरलं तर सगळं खड्ड्यात, कारण तिच्यापुढे इंटरनेटच नाही. थोड्या वेळाने फोन पुन्हा विचारतो आणि पारडं फिरतं. तुमची ती दोन मिनिटं हीच. नेटवाला बिचारा खरंच बोलतोय.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. मुलं गेल्यावर विंडोजचा लॅपटॉप त्याच नेटला जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ए-आर-पी, मोकळी जागा, वजाचं चिन्ह, ए असं टाइप करून एंटर मारा. पत्त्यांची यादी येईल. १९२.१६८.१.१ च्या समोर जो बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक, असेल तो लिहून ठेवा. नेट चालू असताना एकदा आणि गेलेलं असताना एकदा बघा. दोन वेगवेगळे पत्ते दिसतील, आणि त्यातला एक थाळीच्या पाठीमागच्या लेबलवर छापलेल्याशी जुळेल.

वायफायचं नाव का दिसत नाही, हे त्याहून सोपं आहे. ओपनडब्ल्यूआरटी बसतं तेव्हा वायफाय बंद असतं. हे मुद्दाम केलेलं आहे. पासवर्ड नसलेलं, कुणालाही जोडता येईल असं वायफाय आपोआप हवेत सुरू होऊ नये म्हणून. कंपनीचा नवा डबा पेटवला की खाली चिकटवलेलं नाव-पासवर्ड लगेच दिसतं, त्यामुळे आपल्याला तशी सवय लागलीय. वायफाय दिसत नाही म्हणून ‘डबा डेड’ असं ठरवून भंगारात दिलेले डबे मी मिरजेत स्वतः विकत घेतलेत. कदाचित तुमचा विक्रेता आणि मी एकाच ठिकाणाहून माल उचलत असू.

आता कामाला लागा. थाळीची केबल अभ्यासिकेच्या स्विचमधून काढा. पीओईचा, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज देणारा, जो छोटा अ‍ॅडॉप्टर आहे त्याच्या ‘पीओई’ लिहिलेल्या भोकातून थाळी आणि ‘लॅन’ लिहिलेल्या भोकातून थेट लॅपटॉप. मधे दुसरं काही नको. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. हे सोडू नका, नाहीतर लॅपटॉप वायफायवरून फायबरच्या डब्याकडे जाऊन तुम्हाला पुन्हा तेच पान दाखवेल. मग १९२.१६८.१.१ उघडा. ल्युसी नावाचं पान येईल, नाव रूट, पासवर्ड रिकामा. पान आलं नाही पण पिंगला (कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग आणि पुढे तो पत्ता टाइप करून मारलेल्या हाकेला) उत्तर येत असेल तर तुम्ही ‘स्नॅपशॉट’ची फाइल उतरवलीत. ती रोजच्या रोज बनणारी कच्ची आवृत्ती असते, तिच्यात हे पान घातलेलंच नसतं. तिथे एसएसएचने, म्हणजे पानाऐवजी कमांड टाइप करून, आत शिरून पक्क्या आवृत्तीची फाइल टाकावी लागेल.

आत गेल्यावर आधी पासवर्ड ठेवा. मग लॅनच्या सेटिंगमध्ये थाळीचा पत्ता बदला. फायबरचा डबा मुलांच्या फोनना कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो ते त्याच्या पानावर बघून त्याबाहेरचा एखादा घ्या. तो २ ते २०० वाटत असेल तर थाळीला १९२.१६८.१.२५० द्या. गेटवे आणि डीएनएस दोन्हीकडे फायबरचा १९२.१६८.१.१ टाका. तिथेच खाली डीएचसीपी आहे, तो या इंटरफेसवर बंद करा. पत्ते वाटायचं काम एकाच घरातल्या दोघांनी करायचं नसतं.

आणि इथे एक फसगत आहे, तीत मीही एक दुपार घालवलीय. पत्ता बदलून सेव्ह केलं की ल्युसी ९० सेकंद वाट बघते. तेवढ्यात नव्या पत्त्यावरून कुणी तिला भेटलं नाही तर तिला वाटतं, मालक स्वतःलाच बाहेर कोंडून बसला, आणि ती जुना पत्ता परत आणते. तुम्ही मात्र नवा पत्ता ठोकत बसता आणि म्हणता, सेव्हच होत नाही. म्हणून सेव्हच्या बटणाशेजारचा बाण दाबून ‘अनचेक्ड’ लिहिलेला पर्याय निवडा. तो न विचारता लागू होतो. टाइप केलेला पत्ता त्याआधी दोनदा वाचा.

शेवटी वायफाय. देश भारत निवडा, दोन्ही रेडिओ चालू करा, नाव आणि डब्ल्यूपीए-२ चा पासवर्ड द्या. २.४ गिगाहर्ट्झला रुंदी २० ठेवा आणि चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या. चाळीस मुलं आहेत, तेव्हा जमेल तेवढे फोन ५ गिगाहर्ट्झवर जाऊ द्या. मगच थाळी अभ्यासिकेच्या स्विचला परत लावा.

हे सगळं करूनही लॅपटॉप थेट जोडल्यावर पिंगलासुद्धा उत्तर नसेल, तर मात्र भरतानाच गडबड झालीय. या थाळीच्या मेमरीत फर्मवेअरचे दोन खण आहेत. व्हिडिओवाले घाईत एकच खण भरायला सांगतात आणि थाळी नेमकी दुसऱ्या खणातलं जुनं उचलते. कंपनीचं मूळ फर्मवेअर परत टाकून नव्याने सुरुवात करणं सोपं. रिसेटच्या भोकात टाचणी दाबून धरा, तशीच धरून पिन लावा, दिवा पांढरा-निळा असा आलटून पालटून व्हायला लागेपर्यंत सोडू नका. अर्धा मिनिटही लागतो, अंगठा दुखतो. मग थाळी १९२.१६८.१.२० वर बसते. लॅपटॉपला त्याच ओळीतला दुसरा पत्ता देऊन टीएफटीपीने, म्हणजे केबलवरून फाइल पोचवायच्या साध्या पद्धतीने, कंपनीची फाइल तिला पाठवा.

एक वेगळंच. जुन्या एसी लाइट थाळ्या फक्त २४ व्होल्टच्या साध्या पीओईवर चालतात, नंतरच्या ४८ व्होल्टच्या प्रमाणित पीओईवरही चालतात. तुमच्याबरोबर २४ चा अ‍ॅडॉप्टर आला असेल तर तो जपून ठेवा. दिसायला सगळे सारखे काळे असतात, आणि कुठल्याही सीसीटीव्हीवाल्याकडचा उचलून लावला तर ती थाळी मात्र खरंच जाईल.

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात राहतो, शिक्षकी पेशातून निवृत्त झालो. नातवाने घरच्या राउटरमध्ये कंपनीचं काढून बाहेरचं काहीतरी घातलं. चाललंय उत्तम, पण मनाला टोचणी आहे. दुसऱ्याच्या यंत्रात आपलं काही घालणं हा गुन्हा तर नाही?
— एक वाचक, सातारा

उत्तर : यंत्र तुमचं आहे गुरुजी, पैसे तुम्ही मोजलेत. वॉरंटी उरली असेल तर तिच्यावर पाणी सोडायचं, एवढंच.

या ‘बाहेरच्या’ गोष्टीचा जन्मच मुळात कायद्याच्या आग्रहातून झालाय. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४-जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आला. त्याच्या पोटात लिनक्स होतं. लिनक्सचा परवाना सांगतो की वापरा, विका, पण त्याच्यावर बनवलेला मालही मूळ कोडसकट लोकांना द्या. लोकांनी तो मागितला आणि २००३ मध्ये कंपनीने दिला. त्या कोडवर हात साफ करत २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. त्याच्या नावातलं डब्ल्यूआरटी त्या निळ्या डब्याचं आहे. नातवाने चोरी केलेली नाही, उलट परवान्याने दिलेला हक्क बजावलाय. फक्त रेडिओच्या सेटिंगमध्ये देश भारतच निवडलाय ना, एवढं त्याला विचारा. तिथे अमेरिका निवडून ताकद वाढवायची खोड पोरांना असते, आणि लहरींचे नियम आपल्या देशाचे लागतात.

प्रश्न : ताई, आमच्या दूध संकलन केंद्रात आर्चर सी-७ हा राउटर नुसता वायफाय देणारा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला होता. ओपनडब्ल्यूआरटी दोन वर्षं झकास चाललं. परवा नवी आवृत्ती टाकली. टाकताना ‘फाइल या उपकरणाशी जुळत नाही’ असं काहीतरी आलं, खाली ‘फोर्स’ची चौकोनी खूण होती ती केली. आता फक्त पॉवरचा दिवा. लॅपटॉप थेट जोडला, वायफाय बंद केलं, पिंग नाही, काही नाही. राउटरच्या खाली व्हर्जन २ लिहिलंय. फाइल व्हर्जन ५ ची होती हे नंतर लक्षात आलं. मला वाटलं, मोठा आकडा म्हणजे नवीन.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : तुमच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. शेवटचं वाक्य लोक लिहीत नाहीत, त्यामुळे मला तीन पत्रं जास्त लिहावी लागतात.

सी-७ चा २ आणि सी-७ चा ५ यांचं नाव एक, पोट वेगळं. २ मध्ये क्वालकॉमची क्यूसीए-९५५८ ही चिप आहे, ५ मध्ये क्यूसीए-९५६३. बुलेटचा सायलेन्सर स्प्लेंडरला बसवायला गेलात आणि बसत नाही म्हटल्यावर हातोडी घेतलीत. ती हातोडी म्हणजे ‘फोर्स’ची खूण. ती कशासाठी असते ते मला माहीत आहे, पण तुमच्या-माझ्या कामाची नाही.

तरी घाबरू नका. नवी आवृत्ती टाकताना मेमरीचा फर्मवेअरचा भागच बदलला जातो. सुरुवातीला असलेल्या बूटलोडरला हात लागत नाही. बूटलोडर म्हणजे दुकानाचं शटर उघडणारा पोरगा. तुम्ही दुकानात माल भलताच भरलात, पण पोरगा रोज सकाळी वेळेवर येतोय. त्याच्याशी बोलायचं.

आधी फाइल. तुमच्या राउटरच्या, म्हणजे व्हर्जन २ च्या, कंपनीच्या मूळ फर्मवेअरची फाइल उतरवा. ती झिपमध्ये असते, बाहेर काढा. मी झिप तशीच पाठवणारे लोक बघितलेत. फाइलच्या नावात ‘बूट’ शब्द असेल तर ती नको, तिच्यात बूटलोडरही कोंबलेला असतो आणि सरळ ढकलली तर शटरवाला पोरगाच गाडला जातो. ओपनडब्ल्यूआरटीचीच टाकायची असेल तर ‘फॅक्टरी’ नावाची घ्या. ‘सिसअपग्रेड’ नावाची घेऊ नका, ती आधीच ओपनडब्ल्यूआरटी चालू असलेल्या डब्यासाठी असते.

मग विंडोजवर टीएफटीपीडी-६४ हा छोटा प्रोग्रॅम घ्या. लॅपटॉपच्या केबलच्या कार्डाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता हाताने द्या, मास्क २५५.२५५.२५५.०. लक्षात घ्या, इथे तिसरा आकडा शून्य आहे. विंडोजची फायरवॉल तेवढ्यापुरती बंद करा. आता राउटर बंद असताना रिसेट दाबून धरा आणि दाबलेलाच ठेवून राउटर चालू करा. प्रोग्रॅमच्या लॉगकडे डोळा ठेवा. पोरगा उठतो, ६६ नंबरच्या घराकडे जातो आणि नाव घेऊन फाइल मागतो. ते नाव पाठ करत बसू नका. लॉगमध्ये त्याने मागितलेलं नाव जसंच्या तसं दिसतं, तेच आपल्या फाइलला द्या आणि पुन्हा पहिल्यापासून करा.

विट्याच्या भावाला मी फाइल ‘पाठवा’ म्हटलं आणि तुम्हाला ‘तो मागेल’ म्हणते, यात घोळ नाही. ती थाळी तोंड उघडून बसते, आपण भरवायचं. तुमचा राउटर स्वतः दारात येऊन मागतो. इंटरनेटवरच्या निम्म्या सूचना हा फरक सांगत नाहीत, आणि माणूस मागणाऱ्याला भरवत बसतो.

लॉगमध्ये काहीच आलं नाही तर बहुधा हे कारण असतं. राउटर चालू झाला की लॅपटॉपच्या कार्डाला केबल जिवंत झालीय हे समजून सावध व्हायला दोन-चार सेकंद लागतात. पोरगा तेवढ्या वेळात हाक मारून गेलेलासुद्धा असतो. उपाय साधा आहे. मधे एक साधा पाच पोर्टचा स्विच टाका, लॅपटॉप स्विचला आणि स्विच राउटरला. आता राउटर बंद-चालू झाला तरी लॅपटॉपची केबल जिवंतच राहते. मिरजेत बावीस वर्षं दवाखान्यांमधून केबल ओढत फिरले, त्यात सगळ्यात जास्त डबे कशाने उठवले असतील तर त्या चारशे रुपयांच्या स्विचने.

फाइल गेली की हात मागे. पाच मिनिटं पिन काढायची नाही, दिवे काहीही करोत. संकलन केंद्रात लाइट जात असेल तर हे काम इन्व्हर्टरवर करा किंवा राउटर घरी न्या.

स्विच लावूनही लॉग कोराच राहिला तर राहिली सिरियल पोर्टची वाट. डबा उघडून बोर्डावरच्या तीन टाचण्यांना तारा लावायच्या, यूएसबीचं छोटं सिरियल बोर्ड लॅपटॉपला जोडायचं, वेग १,१५,२०० ठेवायचा, आणि बूटलोडर काय पुटपुटतोय ते वाचायचं. हे मी शिकले २०१९ च्या ऑगस्टनंतर. कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं होतं, आणि त्यानंतर महिनाभर माझ्या टेबलावर चिखलाने भरलेले डबे येत होते. धुऊन, वाळवून, एकेकाला तारा लावून विचारायचं, बाबा, तू कुठपर्यंत उठतोस? काही दोन ओळी बोलून गप्प व्हायचे, काही पूर्ण उठायचे. एका हळदीच्या पेढीचा राउटर असाच नीट उठला होता. मी सिरियल बोर्डावरचा जंपर ३.३ व्होल्टवर आहे की ५ वर, ते न बघता तारा लावल्या. पुरातून वाचलेला डबा माझ्या हाताने गेला. पेढीवाल्या काकांना नवीन घेऊन दिला. तेव्हा जंपर ३.३ वर, आणि तारा तीनच: पाठवायची, घ्यायची, जमिनीची. चौथी, व्होल्टची, लावायचीच नाही.

तारा लावायचं धाडस नसेल तर कऱ्हाडात मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एखाद्या पोराकडे जा. त्याला हे सगळं न सांगता येतं, फक्त हा परिच्छेद दाखवा.

प्रश्न : माझ्याकडे टीएल-डब्ल्यूआर-८४१-एन, व्हर्जन ९ आहे. त्यावर ओपनडब्ल्यूआरटीची आत्ताची आवृत्ती टाकायचीय. फाइलच सापडत नाही.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सापडणार नाही. त्यात मेमरी ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी आहे, आताच्या आवृत्त्या त्यात मावत नाहीत. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण त्यांची सुरक्षेची दुरुस्ती थांबलीय, त्या मुख्य नेटला लावू नकोस. जुनं घ्यायचंच असेल तर १६ एमबी मेमरी आणि १२८ एमबी रॅम बघून घे. ८४१ वर सोल्डरिंग शिक, त्यासाठी चांगला आहे.

प्रश्न : ताई, पाचगणीला आमचं छोटं होमस्टे आहे. जुना जांभ्याचा बंगला. ओपनडब्ल्यूआरटी बसवलं, २.४ चं वायफाय मिळतं, पण ५ गिगाहर्ट्झचं कधी दिसतं, कधी दिसत नाही. चालू केल्यावर लगेच तर नाहीच. ताकद वाढवली तरी शेवटच्या खोलीत पोचत नाही. फर्मवेअर खराब आहे का?
— एक वाचक, पाचगणी

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत, फर्मवेअर बिचारं दोन्हीत निर्दोष.

दिसणं-न दिसणं हे चॅनलमुळे. तुम्ही चॅनल ‘ऑटो’ ठेवला असणार. आपल्याकडे २०१८ पासून ५.१५ ते ५.३५ आणि ५.४७ ते ५.८७५ गिगाहर्ट्झ हे पट्टे वायफायला परवान्याशिवाय खुले आहेत. पण यातल्या मधल्या चॅनलवर रडारही असू शकतात. अशा चॅनलवर डबा आधी निदान मिनिटभर नुसता ऐकतो, कुणी रडार बोलत नाही अशी खात्री झाली की मग तोंड उघडतो. नंतर कधी रडारसारखं काही ऐकू आलं तर ती जागा सोडून दुसरीकडे जातो. तुम्हाला वाटतं वायफाय गेलं. देश भारत ठेवून चॅनल ३६ किंवा १४९ पक्का करा. आधी देश निवडलाच नसेल तर काही चॅनल यादीतच येणार नाहीत, तेही बघा.

शेवटची खोली. ताकद वाढवून डबा मोठ्याने ओरडेल, पण पाहुण्याच्या फोनचा आवाज तेवढाच राहतो. जांभ्याच्या दीड-दोन फुटी भिंतीपलीकडून फोनचं उत्तर डब्याला ऐकू येत नाही. फोनवर सगळ्या काड्या दिसतात आणि पान उघडत नाही, तक्रार हीच येत असेल. ताकद पूर्ववत करा, शेवटच्या खोलीपर्यंत केबल ओढा आणि तिथे दुसरा डबा लावा. वर विट्याच्या भावाला सांगितलंय तसाच, पत्ता वेगळा, डीएचसीपी बंद, वायफायचं नाव-पासवर्ड तेच, चॅनल वेगळा.

केबल बाहेरून न्यावी लागली तर गवंड्याला सांगा, भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, आणि भोकात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यायचा. सरळ भोक पाडलंत तर पाचगणीचा पाऊस केबलचं बोट धरून थेट त्या डब्यात येईल.